नवी बॅटरी टाकूनही गाडी पुन्हा बंद पडते? आधी चार्जिंग तपासा

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, मजूर शेतात पोहोचले आणि नेमकी त्याच सकाळी गाडी किंवा ट्रॅक्टर ‘टक’ असा आवाज करून गप्प बसला, हा अनुभव वऱ्हाडातील बहुतेक शेतकऱ्यांना कधी ना कधी आलेला असतो. अशा वेळी दुकानात जाऊन नवी बॅटरी आणली जाते. काही महिने बरे जातात आणि पुन्हा तीच रड सुरू होते. वर्ष-दीड वर्षात दुसरी, तिसरी बॅटरी बसवावी लागत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत नसतो. तो तिला चार्ज करणाऱ्या यंत्रणेत, वायरच्या जोडात किंवा उभ्या गाडीत चालणाऱ्या करंटच्या गळतीत असतो. हा दोष साध्या मल्टिमीटरने घरच्या घरी शोधता येतो. तो कसा शोधावा, याची माहिती या लेखात घेऊ.

माझ्याच गाडीचा दाखला

मी अकोल्यात जठारपेठेत राहतो, शेती बोरगाव मंजूच्या बाजूला आहे. डिझेल गाडी घराबाहेर झाडाखाली उभी असते. आठवड्यातून दोन-तीनदा शेतावर जाणे-येणे, बाकी शहरातल्या शहरात फेऱ्या. कंपनीकडून आलेली पहिली बॅटरी पाच वर्षे चालली. त्यानंतरची अकरा महिन्यांत बसली. ती बदलली, तर पुढची नऊ महिन्यांत. दोन्ही वेळा दुकानदाराने मीटर लावून सांगितले, ‘चार्जिंग बरोबर आहे, बॅटरीच गेली.’ शेजारी तर सकाळी गाडीचा बोनेट उघडा दिसला की विचारायचे, ‘काऊन भाऊ, पुन्हा बसली का बॅटरी?’

तिसरी बॅटरी बसली ती जूनमध्ये, पेरणीच्या दिवशी. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून आणलेले रायझोबियम आणि पीएसबी संवर्धक पहाटेच सोयाबीनच्या बियाण्याला लावून सावलीत सुकवले होते. असे बियाणे लवकर पेरून घ्यावे लागते, ते ठेवून देता येत नाही. पोती गाडीत, मजूर शेतात, आभाळ भरून आलेले आणि सेल्फ उचलायला तयार नाही. शेजाऱ्याच्या गाडीला जंपर लावून निघालो, पेरणी झाली. पण चौथी बॅटरी घ्यायची नाही, कारण शोधायचे, हे त्या दिवशी ठरवले.

कारणे दोन निघाली. अल्टरनेटरकडून बॅटरीकडे येणारी जाड वायर फ्यूज बॉक्समध्ये ज्या नटाने आवळलेली असते तो नट सैल होता आणि तिथला लग हिरवा-काळा पडला होता. दुसरे म्हणजे बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर चावी काढल्यावरही बंद होत नव्हता. एकटे कोणतेही कारण गाडी बंद पाडण्याइतके मोठे नव्हते. दोन्ही मिळून मात्र बॅटरी खात होते. लग, नट आणि ॲम्प्लिफायरची एक वायर बदलणे, एवढाच दुरुस्तीचा खर्च. दोन बॅटऱ्यांना त्याच्या कितीतरी पट पैसे गेले होते.

झरा, उपसा आणि पाझर

बॅटरीचे गणित विहिरीसारखे आहे. अल्टरनेटर हा झरा. सेल्फ, दिवे, पंखा, हॉर्न हा उपसा. आणि गाडी उभी असताना जाणारा करंट हा पाझर. झरा कमी आणि पाझर जास्त असेल तर विहीर कितीही खोल खणली तरी आटणारच. म्हणूनच ‘आधीपेक्षा मोठी बॅटरी टाकून पाहू’ हा उपाय चालत नाही. मोठी बॅटरी दोन-चार दिवस उशिरा बसते, इतकाच फरक.

एकदा सेल्फ मारल्याने फारसे चार्जिंग खर्च होत नाही, हे अनेकांना माहीत नसते. सेल्फला २०० अँपिअर करंट तीन सेकंद लागला असे धरले, तरी तो ०.१७ अँपिअर-तास इतकाच होतो. इंजिन चालू झाल्यावर काही मिनिटांत तो भरून निघतो. मात्र निम्मी उतरलेली ६० अँपिअर-तासांची बॅटरी भरायला ३० अँपिअर-तास लागतात. वीस मिनिटांच्या फेरीत तिला जेमतेम पाच-सहा मिळतात. शिवाय बॅटरी भरत आली की ती करंट कमी-कमी घेते, त्यामुळे शेवटचा भाग भरायला कित्येक तास जातात. गावातल्या गावात फिरणारी गाडी पूर्ण चार्ज होतच नाही, त्याचे कारण हे आहे.

अर्धवट चार्ज अवस्थेत बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली, की प्लेटवर साचलेले लेड सल्फेट कडक होते आणि पुन्हा विरघळत नाही. त्यामुळे दोष मुळात वायरीत असला तरी शेवटी मरते ती बॅटरीच. दुकानात तपासणी केली की ती खरोखरच खराब निघते, आणि मूळ कारण तसेच राहून जाते.

सुरुवात बॅटरीच्या व्होल्टेजपासून

बाजारात काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी लावण्याआधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजावे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा खोटा चढलेला दिसतो. तेव्हा हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत, थोडा वेळ थांबावे आणि मग मोजावे.

१२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पावच शिल्लक, असे समजावे. चांगली चार्जिंग करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकत असेल, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे. अशी बॅटरी बदलण्याला पर्याय नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर अधिक खरे सांगतो. भरलेल्या बॅटरीत ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.२५० ते १.२८० असते, १.२०० च्या खाली ती निम्म्यावर आलेली असते. मात्र सहाही सेलचे आकडे लिहून काढावेत. पाच सेल १.२४० आणि एकच १.१७० दाखवत असेल, तर तो सेल गेला. सहाही सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, खराब नाही, चार्जिंगकडे पाहावे. ॲसिड तापले की ते पातळ भासते, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००७ ने आकडा खाली येतो. मे महिन्यात दुपारी मोजताना ही तूट हिशेबात धरावी, नाहीतर चांगली बॅटरी कमी भरलेली वाटते. सकाळी मोजले तर ही भानगडच राहत नाही.

यानंतर सेल्फ मारताना व्होल्ट पाहावा. ट्रॅक्टरचा इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून धरून सेल्फ मारला तर इंजिन सुरू न होता फिरते. दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. या वेळी व्होल्ट ९.६ च्या वर राहायला हवा. भरलेल्या बॅटरीचाही तो आठ-नऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी अशक्त झाली आहे किंवा सेल्फ मोटार जास्त करंट ओढत आहे.

चार्जिंग मोजायचे ते लोड टाकून

माझी दोनदा फसगत झाली ती इथे. इंजिन सुरू करून, दिवे बंद ठेवून बॅटरीवर मीटर लावला की १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात आणि ‘चार्जिंग ओके’ असा निकाल मिळतो. दुकानात वेळ कमी, गिऱ्हाईक घाईत, त्यामुळे तपासणी तिथेच थांबते. वायरीचा जोड कच्चा असेल तर थोडा करंट त्यातून सुखाने जातो, तूट दिसते ती करंट वाढल्यावर. पाइपात कचरा अडकलेला असतानाही तोटीला थेंबथेंब पाणी येतेच, स्प्रिंकलर लावला की दाब कळतो. तसेच हे आहे.

म्हणून हेडलाइट, आतला पंखा आणि वायपर चालू करावे, इंजिनचा वेग आयडलपेक्षा वाढवून १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा आणि मग बॅटरीवर मोजावे. आकडा १३.५ च्या वर टिकला तर चार्जिंग ठीक. १३.२ च्या खाली आला तर बॅटरी उपाशी राहते. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, ज्याला जुने मेकॅनिक कटआऊट म्हणतात, बिघडलेला आहे. अशा वेळी ॲसिड उकळते, पाणी वारंवार कमी होते आणि बॅटरीभोवती आंबट उग्र वास येतो.

माझ्या गाडीत लोड नसताना बॅटरीवर १४.० व्होल्ट होते. लोड टाकल्यावर अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर १४.२, पण बॅटरीवर १३.२. म्हणजे झरा जिवंत होता, वाटेतच एक व्होल्ट हरवत होता.

तो कुठे हरवतो, हे शोधण्याची युक्ती सोपी आहे. लोड चालू ठेवूनच मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर आणि काळी तार बॅटरीच्या प्लसवर टेकवावी. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर प्लसच्या वायरीत दोष. नंतर एक तार अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर टेकवावी. इथे ०.२ पेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग कच्चे. माझ्याकडे प्लसच्या बाजूला ०.९ आणि अर्थिंगला ०.१ आले. मग बॅटरीकडून अल्टरनेटरकडे एकेक जोड मागे जात गेलो आणि फ्यूज बॉक्समधल्या त्या नटापाशी तूट सापडली. हात लावला तर तो चटका बसण्याइतका तापला होता. सेल्फची वायर वेगळी असल्याने सेल्फ मात्र जोरात फिरायचा, म्हणून जोडावर कुणाला शंका आली नाही.

उलट प्रकारही होतो. सेल्फ सुस्त फिरतो, पण बॅटरी भरलेली आहे. अशा वेळी सेल्फ मारतानाच बॅटरीचा मायनस आणि इंजिनचा ब्लॉक यांमध्ये मोजावे. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त तूट असेल तर अर्थिंगची पट्टी काढून तिच्या दोन्ही टोकांखालचा रंग, गंज, चिखल पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा आणि घट्ट आवळावे. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम झाल्यावर ही पट्टी सैल राहून जाण्याचा संभव असतो. अशा कामानंतर ती आवर्जून पाहावी.

अल्टरनेटरच बिघडला असेल तर

बेल्ट आधी पाहावा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्यापेक्षा ढिला असेल, आतून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल किंवा सुरू करताना किंचाळत असेल, तर तो घसरतो आणि अल्टरनेटर पूर्ण वेगाने फिरत नाही. आवळताना अतिरेकही नको, बेअरिंग जाते.

डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर एखादा डायोड गेल्याची शक्यता मोठी. असा अल्टरनेटर दिवसा कमी चार्ज करतो आणि काही वेळा रात्री बॅटरीतून उलटा करंटही ओढतो.

ट्रॅक्टरमध्ये आणखी एक बारीक कारण असते. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल बल्ब केवळ इशारा देण्यासाठी नसतो. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर कमी वेगात जागाच होत नाही. चावी फिरवल्यावर, सेल्फ मारण्याआधी हा बल्ब पेटतो का, हे रोज पाहावे. पेटत नसेल तर आधी तो बदलावा आणि मगच अल्टरनेटर खोलावा.

अलीकडच्या गाड्यांबद्दल एक खुलासा. त्यांत चार्जिंग संगणकावर चालते आणि बॅटरीवरचा आकडा कधी १२.८ तर कधी १४.८ असा फिरतो. तो दोष नव्हे. अशा गाडीत मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. बाहेरून बसवलेल्या दिव्याची किंवा चार्जरची अर्थ वायर थेट त्या टर्मिनलला न जोडता गाडीच्या बॉडीला जोडावी, अन्यथा सेन्सरचा हिशेब चुकतो. ज्या गाडीचे इंजिन सिग्नलवर आपोआप बंद होते, तिला साधी बॅटरी बसवू नये.

उभ्या गाडीतील गळती

गाडी चार दिवस चालवली तर ठीक, आठवडाभर उभी राहिली की बसते; असे असेल तर गळती तपासावी. सर्व बंद करून मायनस वायर काढावी, मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून तो वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. दारे बंद करून अर्धा तास थांबावे, कारण आतली यंत्रे झोपी जायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, मीटरचा फ्यूज उडतो.

आधुनिक कारमध्ये ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट चालतो. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. निर्दोष गाडीही महिनाभर उभी राहिली तर ३६ अँपिअर-तास गमावते, हे गावाला जाताना लक्षात ठेवावे. माझ्या ॲम्प्लिफायरमुळे मीटरवर १९० मिलिअँपिअर दिसत होते, दिवसाला साडेचार अँपिअर-तासांहून अधिक. आठवड्यात निम्मी बॅटरी गेली. गळती जास्त दिसली तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या मार्गावर दोष असतो. फ्यूज काढून काहीच फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर काढून पाहावी.

साध्या यांत्रिक ट्रॅक्टरमध्ये चावी काढल्यावर करंट जवळपास शून्य असायला हवा. मीटर नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब मायनस वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये धरावा. बल्ब पेटला की कुठेतरी गळती आहे. मडगार्डवरची म्युझिक सिस्टिम, थेट बॅटरीवरून घेतलेले एलईडी दिवे आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे नेहमीचे गुन्हेगार. कुटाराच्या ढिगाशेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात.

बॅटरीच्या माथ्यावरची धूळही करंट खाते. काळ्या मातीची धूळ आणि ॲसिडची वाफ यांचा ओलसर थर साचतो. मीटरची एक तार टर्मिनलवर आणि दुसरी प्लास्टिकच्या माथ्यावर फिरवली आणि अर्धा व्होल्ट दिसला तर समजावे. झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने माथा व टर्मिनल धुवावे, कोरडे करावे. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावावे, आत नाही.

ट्रॅक्टरची बॅटरी आणि झटका मशीन

रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून तूर-हरभरा राखायला झटका मशीन लावले जाते. मशीनची बॅटरी उतरली की काही शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून रात्रभर तिथे लावतात आणि सकाळी परत बसवतात. गरज समजते, पण सेल्फची बॅटरी यासाठी बनलेली नसते. तिच्या प्लेट पातळ असतात. थोडा वेळ भरपूर करंट देणे हे तिचे काम. रोज रात्री खोलवर उतरवली तर ती काही महिन्यांत निकामी होते. झटका मशीनला जाड प्लेटची, सोलरला चालणारी ट्युब्युलर बॅटरी वेगळीच ठेवावी. त्या बॅटरीने ट्रॅक्टर सुरू करण्याचा खटाटोपही करू नये.

दुसरी सवय ट्रॅक्टर उतारावर लावण्याची. सेल्फ उचलत नाही म्हणून महिनोन्‌महिने उतारावरून गिअरमध्ये सुरू केलेले ट्रॅक्टर प्रत्येक गावात आहेत. अडचणीत हे चालते, पण त्यात ब्रेक न लागून अपघात होतात आणि उपाशी बॅटरी तशीच उपाशी राहते.

हंगाम नसताना ‘रोज पाच मिनिटे सुरू करून ठेवतो’ असे सांगणारे भेटतात. आयडलवर अल्टरनेटर फार कमी करंट देतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास कामाच्या वेगात चालवावा, किंवा मायनस वायर काढून ठेवावी. बॅटरी चार्जिंगला टाकायची तर तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या भागाइतका करंट द्यावा. ७५ अँपिअर-तासांना सात-साडेसात अँपिअर. दोन तासांत भरून देणाऱ्या दुकानात प्लेट वाकण्याचा धोका असतो. ढेकळांत आणि धुऱ्यावरून जाताना बसणाऱ्या हादऱ्यांनी प्लेटवरचा थर गळतो, म्हणून बॅटरीचा क्लॅम्प घट्ट असावा. सुतळीने बांधलेली बॅटरी टिकत नाही.

आपला उन्हाळा आणि आपले पाणी

लोक थंडीत बॅटरीला दोष देतात, पण वऱ्हाडात तिला मारतो तो उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असते. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी पाहावी. प्लेट उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा जातो.

भरायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे क्षार पिकाला झेपत नाहीत, ते शिशाच्या प्लेटला कसे झेपतील? क्लोराइड प्लेट कुरतडते आणि लोहाचा अंश बॅटरी आतल्या आत उतरवतो. आरओचे पाणी पिण्यालायक असले तरी त्यात क्षार उरतातच. एसीतून ठिबकणारे पाणीही नको, ते धुळीच्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून आलेले असते. ॲसिड मात्र कधीही वरून घालू नये. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. हायड्रोमीटरचा आकडा वाढावा म्हणून ॲसिड ओतले तर आकडा वाढतो आणि प्लेट लवकर संपतात.

जिवावर किंवा खिशावर बेतणाऱ्या चुका

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘डायनॅमो चार्ज करतो का’ पाहणे ही डायनॅमोच्या काळातली पद्धत आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि डायोड किंवा संगणक जळतो. जुना अनुभवी मेकॅनिक असे करू लागला तर नम्रपणे थांबवावे. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर किंवा ट्रॉलीवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढाव्यात.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पाण्याची पातळी पाहायला काडी पेटवू नये, बिडी ओढू नये. वायर काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. जंपर लावताना लाल वायर प्लस ते प्लस, काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. ॲसिड डोळ्यात उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा.

नवी बॅटरी घ्यावीच लागली तर

चार्जिंग, जोड आणि गळती तपासून झाल्यावरच ती बसवावी. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख पाहावी, सहा महिन्यांहून जास्त पडून असलेली घेऊ नये. बसवण्याआधी दुकानातच व्होल्ट मोजून घ्यावा, १२.५ च्या खाली असेल तर चार्ज करून मागावी. अँपिअर-तास गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावेत. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा. आणि त्याच कार्डाच्या मागे बसवल्याच्या दिवशीचे तीन आकडे लिहून ठेवावेत: उभ्या गाडीचा व्होल्ट, लोडवरचा चार्जिंग व्होल्ट आणि गळती. वर्षाने पुन्हा मोजले की बिघाड कुठून सुरू झाला ते लगेच दिसते. गावात सहायक कृषी अधिकारी किंवा एखाद्या शेतकरी गटाने एक मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर ठेवला, तर पेरणीआधी मे महिन्यात सगळ्या ट्रॅक्टरची तपासणी एका सकाळी होते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये किंवा शिशासाठी घरी फोडू नये. शिसे माती-पाण्यात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे परत दिल्यास नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

माझी ती तिसरी बॅटरी मी फेकली नाही. चार अँपिअरवर दोन दिवस सावकाश चार्ज केली, लग बदलला, ॲम्प्लिफायरची वायर चावीच्या लाइनवर घेतली. लोडवर आता बॅटरीवर १४.० व्होल्ट येतात. तीच बॅटरी यंदाच्या पेरणीलाही गाडीत आहे.